सेनापती कोर्निलोव्ह, काटेरी मुकुट आणि मद्रासचा रिसाला

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील श्रमिकांचा पुतळा देशभरातील पर्यटकांच्या परिचयाचा आहे. अवजड शिळा हलविण्यासाठी एकवटलेले चार कामगार तेथे १९५९ पासून उभे आहेत. याच शहराच्या किनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी एम. सिंगारवेलर यांनी भारतातील पहिला मे दिन साजरा केला आणि लाल झेंडा फडकविला. झेंड्यासाठी तांबडे कापड हाताशी नव्हते, म्हणून मुलीच्या लाल साडीचा तुकडा वापरण्यात आला, असे सांगितले जाते. रशियातील क्रांतीचे चिन्ह भारताच्या भूमीवर आले ते अशा घरगुती मार्गाने.

या शहराच्या नावाशी जोडलेली आणखी एक रशियन आठवण मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नाही. १७८४ मध्ये मद्रास प्रांतात उभारण्यात आलेल्या आणि पुढे मद्रास लान्सर्स या नावाने ओळखल्या गेलेल्या एका घोडदळ पलटणीच्या युद्धसन्मानांत मर्व्ह हे नाव आहे. मर्व्ह हे मध्य आशियातील, आजच्या तुर्कमेनिस्तानातील प्राचीन नगर. लाल झेंडा मद्रासला पोहोचण्याच्या पाच वर्षे आधी या रिसाल्याचे स्वार तेथे बोल्शेविकांविरुद्ध लढले होते.

रशियातील बोल्शेविकविरोधी फौजा इतिहासात श्वेत सेना म्हणून ओळखल्या जातात. या चळवळीला सर्वांत प्रभावी चिन्हे ज्यांच्या नावामुळे लाभली, ते सेनापती म्हणजे लावर गेओर्गियेविच कोर्निलोव्ह. त्यांच्या आयुष्याची वाट आणि मद्रासच्या या रिसाल्याची वाट बलुचिस्तान, पूर्व इराण आणि तुर्कमेनांचा प्रदेश या टापूत वारंवार एकमेकींना छेदून गेलेली दिसते. दोघांची गाठ मात्र कधी पडली नाही.

सीमेवरील घरातला मुलगा

कोर्निलोव्ह यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७० रोजी उस्त-कामेनोगोर्स्क येथे झाला. (या लेखातील तारखा नव्या पंचांगानुसार आहेत, क्रांतीपर्यंत रशियात जुने पंचांग प्रचलित होते.) हे गाव आज कझाकस्तानात आहे. वडील सायबेरियन कोसॅक. लष्करात खालच्या अधिकारपदापर्यंत पोहोचून पुढे कारकुनी करणारे. घरात मुले पुष्कळ आणि उत्पन्न बेताचे. श्वेत सेनापती म्हटले की जमीनदार, सरदार, झारच्या दरबारातील मानकरी डोळ्यांसमोर येतात. कोर्निलोव्ह त्यांपैकी नव्हते. बुटकी, काटक अंगकाठी, तिरपे बारीक डोळे आणि आशियाई चेहरेपट्टी यामुळे राजधानीतील उच्चभ्रूंत ते नेहमीच परके वाटत.

ओम्स्कच्या लष्करी शाळेत आणि त्यानंतर सेंट पीटर्सबर्गच्या मिखाइलोव्ह तोफखाना विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. राजधानीजवळ नेमणूक मिळविण्याची संधी असताना १८९२ मध्ये त्यांनी तुर्कस्तान, म्हणजे रशियाच्या ताब्यातील मध्य आशिया, हे क्षेत्र निवडले. पुढे ते जनरल स्टाफ अकादमीत गेले. १८९८ मध्ये ती परीक्षा मानाने उत्तीर्ण केल्यावर ते पुन्हा ताश्कंदकडेच परतले. भाषांची त्यांना विलक्षण ओढ होती. फारसी, कझाक, इंग्रजी आणि उर्दू या भाषा त्यांनी आत्मसात केल्या.

तो काळ रशिया आणि ब्रिटन या दोन साम्राज्यांच्या चढाओढीचा होता. हिंदुस्थानच्या वाटा कोणाच्या नजरेत राहणार, हा त्या चढाओढीतील मुख्य प्रश्न. १८९९ च्या सुमारास कोर्निलोव्ह यांनी तुर्कमेन वेष धारण करून, मोजके तुर्कमेन सोबती घेऊन अमूदर्या ओलांडली. मझार-ए-शरीफजवळील देइदादी हा अफगाण किल्ला त्यांनी जवळून पाहिला आणि त्याची छायाचित्रे काढून आणली. त्यानंतर काशगर झाले. तेथील वास्तव्यावर आधारलेला त्यांचा पूर्व तुर्कस्तानविषयीचा ग्रंथ १९०३ मध्ये ताश्कंद येथे प्रसिद्ध झाला. खोरासान आणि सिस्तान या पूर्व इराणी प्रांतांतील रखरखीत वाळवंटेही त्यांनी १९०१-०२ मध्ये पालथी घातली.

मुंबईत आलेला रशियन अधिकारी

नोव्हेंबर १९०३ मध्ये कोर्निलोव्ह भारताच्या दौऱ्यावर निघाले. बलुचिस्तानातील लोकांच्या भाषा आणि चालीरीती यांचा अभ्यास, हे कारण पुढे करण्यात आले होते. खरा हेतू ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची पाहणी हा होता आणि तो यजमानांपासून लपलेलाही नव्हता. कोर्निलोव्ह हे नाव ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कानावर आधीच गेले होते. मुंबई, दिल्ली, आग्रा, पेशावर अशा ठिकाणी ते फिरले. मुंबईत रशियाची वकिलात १९०० पासूनच सुरू झालेली होती. या प्रवासावरील त्यांचा अहवाल १९०५ मध्ये छापण्यात आला.

त्या वर्षी भारतीय सैन्यात मोठी उलथापालथ सुरू होती. सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी मुंबई, मद्रास आणि बंगाल प्रांतांच्या जुन्या पलटणींना एकाच क्रमांकमालेत बसविले. मद्रास लान्सर्सच्या तिसऱ्या रिसाल्याच्या नावातून मद्रास हा शब्द गेला आणि १९०३ मध्ये तो २८ वा लाइट कॅव्हलरी झाला. दक्षिणेतील भरती कमी करून उत्तरेकडील तथाकथित लढवय्या जमातींतून शिपाई घेण्याकडे इंग्रज अधिकाऱ्यांचा कल त्याआधीच वाढला होता. कोर्निलोव्ह ज्या सैन्याच्या नोंदी घेत होते, त्याचे प्रांतीय चेहरे याप्रमाणे पुसले जात होते.

दौरा चालू असतानाच फेब्रुवारी १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध पेटले. कोर्निलोव्ह मायदेशी परतले आणि मांचुरियाच्या आघाडीवर गेले. मुकदेनच्या पराभवात वेढ्यात सापडलेल्या तुकड्या त्यांनी बाहेर काढल्या. त्याबद्दल त्यांना सेंट जॉर्ज पदक मिळाले आणि ते कर्नल झाले. १९०७ ते १९११ या काळात त्यांनी चीनमधील रशियन वकिलातीत लष्करी प्रतिनिधी म्हणून काम केले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जनरल ब्रुसिलोव्ह यांच्या आठव्या सैन्यातील ४८ वी पायदळ डिव्हिजन कोर्निलोव्ह यांच्याकडे सोपविण्यात आली. या डिव्हिजनला पोलादी असे टोपणनाव पडले. तिच्या सेनापतीचे धाडस मोठे होते आणि सावधगिरी कमी. मे १९१५ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन फौजांनी गोर्लीत्से येथे रशियन आघाडी फोडली. माघारीच्या गोंधळात डिव्हिजनचा बराचसा भाग नष्ट झाला आणि हातापायाला जखमा झालेले कोर्निलोव्ह शत्रूच्या हाती सापडले.

येथे त्यांचा लौकिक संपावयास हवा होता. घडले उलट. १९१६ च्या उन्हाळ्यात हंगेरीतील एका लष्करी रुग्णालयातून त्यांनी पलायन केले. फ्रांतिशेक मर्न्याक नावाच्या झेक परिचारकाने त्यांना ऑस्ट्रियन शिपायाचा गणवेश मिळवून दिला आणि तो स्वतःही सोबत निघाला. वाटेत मर्न्याक पकडला गेला. कोर्निलोव्ह डोंगररानातून उपाशीपोटी चालत रुमानियाच्या हद्दीत पोहोचले. पराभवाच्या बातम्यांना कंटाळलेल्या रशियाला एक नायक मिळाला. मर्न्याकला फाशी झाली असे समजून पुढे कोर्निलोव्ह यांच्या नावाच्या पलटणीच्या पहिल्या कंपनीत त्याचे नाव हजेरीपटावर कायमचे घेण्यात आले. प्रत्यक्षात त्याला देहदंड झाला नव्हता. पण चळवळीला हुतात्मा हवा होता, आणि तो तिला मिळाला.

सम्राज्ञीची अटक

मार्च १९१७ मध्ये झार निकोलस दुसरे यांनी सिंहासन सोडले. कोर्निलोव्ह यांना राजधानी पेत्रोग्राद येथील सैन्याचे प्रमुख नेमण्यात आले. हंगामी सरकारच्या आदेशावरून त्सार्स्कोये सेलो येथील राजवाड्यात जाऊन सम्राज्ञी अलेक्झांड्रा यांना स्थानबद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते पार पाडले. झारशाहीची पुनःस्थापना हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. राज्यपद्धतीचा निर्णय निवडून आलेल्या संविधान सभेने करावा, अशी त्यांची भूमिका होती. श्वेत चळवळीचा आद्य नायक राजघराण्याला अटक करणारा होता, ही गोष्ट तिच्या अनेक राजनिष्ठ अनुयायांना पुढेही अडचणीची वाटत राहिली.

राजधानीत सैनिकांच्या सोव्हिएतांपुढे त्यांचे काही चालेना. मे महिन्यात ते पुन्हा आघाडीवर, आठव्या सैन्याच्या प्रमुखपदी गेले. सैन्य विस्कटत चालले होते. अशा वेळी कॅप्टन नेझेन्त्सेव्ह या तरुण अधिकाऱ्याने स्वयंसेवकांची एक खास तुकडी उभारण्याची परवानगी मागितली आणि तिला सेनापतींचे नाव दिले. कोर्निलोव्ह शॉक पलटणीचा हा आरंभ.

तिच्या चिन्हांची जुळणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बाहीवर निळी ढाल, तिच्यावर पांढरी कवटी आणि एकमेकांवर ठेवलेली हाडे, खाली परस्परांना छेदणाऱ्या तलवारी आणि पेटता हातबॉम्ब. निशाण लाल आणि काळे. लाल म्हणजे स्वातंत्र्य आणि काळा म्हणजे मरण, असा त्याचा अर्थ लावला जाई. हा लाल रंग १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीचा होता. बोल्शेविकांचा कट्टर शत्रू ठरलेल्या पलटणीने क्रांतीचाच रंग अंगावर वागविला, तो शेवटपर्यंत टाकला नाही.

कवटीचे चिन्ह पाहून आजचा वाचक हिटलरच्या एस. एस. दलाकडे वळतो. कोर्निलोव्ह यांच्या पलटणीची ढाल त्याहून जुनी आहे आणि तिचे मूळ वेगळे आहे. रशियन सैन्यातील अलेक्झांड्रिया हुसार या घोडदळाचे चिन्हही कवटीच होते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चित्रांत क्रुसाच्या पायथ्याशी आदमची कवटी दाखविली जाते. त्यामुळे रशियन शिपायाला ती मृत्यूबरोबर पुनरुत्थानाचीही खूण वाटे.

याच सुमारास कोर्निलोव्ह यांच्याभोवती तेके तुर्कमेन स्वारांचे अंगरक्षक दल जमले. उंच केसाळ टोप्या आणि किरमिजी झगे घातलेले हे स्वार कास्पियन समुद्रापलीकडील प्रदेशातून आलेले होते. मर्व्ह हा तेके टोळ्यांचा मुलूख. सेनापती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत. रशियन सैनिक आपल्या अधिकाऱ्यांचे हुकूम धुडकावीत असताना हे मुस्लिम स्वार आपल्या सेनापतीच्या दाराशी पहारा देत उभे राहिले.

तारयंत्रावरील संभाषण

१९१७ च्या जुलैअखेरीस पंतप्रधान केरेन्स्की यांनी कोर्निलोव्ह यांना सरसेनापती केले. दोघांनाही शिस्त हवी होती. मात्र शिस्त लावणार कोण, याबद्दल एकमत नव्हते. आघाडीवर पुन्हा लागू झालेली देहदंडाची शिक्षा पिछाडीलाही लागू करावी, रेल्वे आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने लष्करी अमलाखाली आणावेत, अशा कोर्निलोव्ह यांच्या मागण्या होत्या. ऑगस्टमध्ये मॉस्कोतील परिषदेसाठी ते आले, तेव्हा स्थानकावर त्यांच्यावर फुले उधळण्यात आली. त्या स्वागताने केरेन्स्की अस्वस्थ झाले.

यानंतरच्या घटना आजही इतिहासकारांत वादाचा विषय आहेत. व्लादिमीर ल्वोव्ह नावाच्या एका माजी मंत्र्याने दोघांमध्ये मध्यस्थी आरंभिली आणि दोघांनाही वेगवेगळे समज करून दिले. केरेन्स्की यांनी तारयंत्रावरून सरसेनापतींशी संपर्क साधला आणि ल्वोव्ह आपल्याजवळ हजर असल्याचा बहाणा केला. कोर्निलोव्ह यांनी कशाला दुजोरा द्यावयाचा ते नीट न विचारताच दुजोरा देऊन टाकला. त्याच रात्री त्यांना पदावरून दूर करण्यात आले. कोर्निलोव्ह यांनी तो हुकूम मानला नाही आणि जनरल क्रीमोव्ह यांच्या तुकड्या पेत्रोग्रादच्या दिशेने सरकत राहिल्या.

हे बंड लढाईविना कोलमडले. रेल्वे कामगारांनी रूळ उखडले, गाड्या भलत्या मार्गांवर वळविल्या. सैनिकांना समजावण्यासाठी वक्ते पाठविण्यात आले आणि चार दिवसांत सारे थंड झाले. क्रीमोव्ह यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. कोर्निलोव्ह अटकेत गेले.

हंगामी सरकारने राजधानीच्या रक्षणासाठी कामगारांना दिलेल्या बंदुका परत आल्या नाहीत. तुरुंगातील बोल्शेविक नेते सुटले. त्याच महिन्यात पेत्रोग्राद आणि मॉस्को या दोन्ही सोव्हिएतांत बोल्शेविकांना बहुमत मिळाले आणि ७ नोव्हेंबरला सत्ता त्यांच्या हाती गेली. लेनिन यांना रोखण्यासाठी उचललेल्या पावलाने त्यांचीच वाट मोकळी केली, हा ठपका कोर्निलोव्ह यांच्यावर ठेवला जातो आणि तो मोठ्या प्रमाणात न्याय्य आहे. केरेन्स्कीही त्यातून सुटत नाहीत. राजकारणात कोर्निलोव्ह अगदी कच्चे होते. वाळवंटातील विहिरींची नोंद अचूक ठेवणाऱ्या या माणसाला माणसांची पारख मात्र साधली नाही.

बर्फातील कूच

बीखोव्ह येथील स्थानबद्धतेत कोर्निलोव्ह यांच्यावर पहारा होता तो त्यांच्याच तेके स्वारांचा. डिसेंबर १९१७ च्या प्रारंभी प्रभारी सरसेनापती दुखोनिन यांनी कैद्यांना सोडून दिले. दुसऱ्याच दिवशी संतप्त जमावाने दुखोनिन यांची हत्या केली. कोर्निलोव्ह तेके स्वारांसह दक्षिणेकडे निघाले. बर्फ, उपासमार आणि एका चिलखती आगगाडीचा मारा यांनी ते दल विखुरले. तेव्हा स्वारांना निरोप देऊन शेतकऱ्याच्या वेषात, बनावट कागदपत्रांवर त्यांनी एकट्याने डॉन नदीकाठचे नोवोचेर्कास्क गाठले.

तेथे जनरल अलेक्सेयेव्ह यांनी स्वयंसेवक सेनेची जमवाजमव सुरू केली होती. अधिकारी, कॅडेट, विद्यार्थी, शाळकरी मुले असे तिचे स्वरूप होते. कॅप्टन आणि कर्नल हुद्द्याचे लोक हातात बंदूक घेऊन साध्या शिपायाचे काम करीत. बाहीवर पांढऱ्या, निळ्या आणि लाल पट्ट्यांची, टोक खाली असलेली खूण शिवलेली असे. अलेक्सेयेव्ह आणि कोर्निलोव्ह यांचे पटत नसे. तोडगा म्हणून पैसा आणि राजकारण अलेक्सेयेव्ह यांनी पाहावे, तर सैन्य कोर्निलोव्ह यांनी, अशी वाटणी झाली. डॉनच्या सामान्य कोसॅकांना लढण्याची इच्छा नव्हती. त्यांचे प्रमुख कालेदिन यांनी फेब्रुवारीत आत्महत्या केली.

२२ फेब्रुवारी १९१८ च्या सुमारास सुमारे चार हजार माणसांची ही सेना रस्तोव्ह सोडून कुबानच्या गवताळ प्रदेशात शिरली. तिच्याकडे तोफा मोजक्या होत्या आणि दारूगोळा त्याहून कमी. जखमींच्या गाड्यांची रांग मात्र दिवसेंदिवस लांबत गेली. मार्चअखेरीस एका दिवशी आधी पाऊस आणि मग कडाक्याची थंडी पडली. भिजलेले ओव्हरकोट अंगावरच गोठले आणि त्याच अवस्थेत एक गाव लढून घ्यावे लागले. बर्फातील कूच हे नाव त्या दिवसाचे.

या मोहिमेच्या वीरगाथा देशोधडीला लागलेल्या रशियनांनी पुढे आवडीने सांगितल्या. त्यांत एक बाजू बहुधा गाळली जाते. मार्चच्या प्रारंभी लेझान्का या खेड्यात लढाई संपल्यानंतर पकडलेल्या लोकांना गोळ्या घालण्यात आल्या. कैदी घेऊ नयेत, असा कोर्निलोव्ह यांचा आदेश होता. समोरचे बोल्शेविकही कैद्यांची गय करीत नव्हते. परंतु कायदा आणि सुव्यवस्था परत आणण्याचे ध्येय सांगणाऱ्या सेनेच्या वाटचालीचा आरंभच असा झाला. पुढे १९१९ मध्ये युक्रेनमधील ज्यूंच्या कत्तलींत या सेनेतील तुकड्यांनी भाग घेतला, तेव्हा कोर्निलोव्ह हयात नव्हते. त्या वर्तनाची बीजे मात्र या पहिल्या कुचात दिसतात.

मार्चअखेरीस कुबानमधील स्वयंसेवक येऊन मिळाल्यावर सेना सहा हजारांच्या आसपास गेली. कोर्निलोव्ह यांनी येकातेरिनोदार, म्हणजे आजचे क्रास्नोदार, जिंकण्याचा निर्धार केला. शहरातील लाल फौज कित्येक पटींनी मोठी होती. तीन दिवसांच्या हल्ल्यांत नेझेन्त्सेव्ह यांच्यासह शेकडो माणसे कामी आली. सहकारी सेनापतींनी माघारीचा सल्ला दिला, पण कोर्निलोव्ह यांनी आणखी एका हल्ल्याचा हुकूम ठेवला. कुबान नदीच्या काठावरील एका उघड्यावरच्या शेतघरात त्यांचा मुक्काम होता. तेथे तोफेचा मारा होत असल्याने जागा बदलावी, ही विनंतीही त्यांनी मनावर घेतली नाही. १३ एप्रिल १९१८ च्या सकाळी तोफेचा एक गोळा भिंत फोडून आत आला. सेनापतींचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी याच तारखेला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला.

सेनापती देनिकिन यांनी सूत्रे हाती घेऊन सेना मागे वळविली. कोर्निलोव्ह आणि नेझेन्त्सेव्ह यांना एका जर्मन वसाहतीजवळ गुपचूप पुरण्यात आले. खूण राहू नये म्हणून जमीन सपाट केली गेली. तरीही मागाहून आलेल्या लाल सैनिकांनी मृतदेह उकरून काढला, येकातेरिनोदारच्या रस्त्यांतून फरफटत नेला, त्याची विटंबना केली आणि तो जाळला. कोर्निलोव्ह यांची कबर आज कोठेही नाही.

चिन्हांचा पुढील प्रवास

कबर राहिली नाही, तरी नाव आणि चिन्हे राहिली. १९१८ च्या शरद ऋतूत बर्फातील कुचात सहभागी झालेल्यांसाठी एक बिल्ला काढण्यात आला. चांदीचा काटेरी मुकुट आणि त्याला आडवी छेदणारी तलवार, वर सेंट जॉर्ज पदकाची काळी-नारिंगी फीत. येशूच्या यातनांची खूण लष्करी बिल्ल्यावर आली आणि पराभूत मोहिमेला हौतात्म्याचे रूप मिळाले. ज्यांच्यामुळे तो बिल्ला निघाला, त्या कोर्निलोव्ह यांनी तो पाहिलाही नव्हता.

त्यांच्या नावाची पलटण १९१९ मध्ये डिव्हिजन झाली. तिच्या शेजारी मार्कोव्ह, द्रोझ्दोव्स्की आणि अलेक्सेयेव्ह यांच्या नावाच्या पलटणी उभ्या राहिल्या. मार्कोव्ह यांच्या पलटणीचे रंग काळा-पांढरा, द्रोझ्दोव्स्की यांच्या पलटणीचे किरमिजी-पांढरा, अलेक्सेयेव्ह यांच्या पलटणीचे निळा-पांढरा. रंगीत पलटणी असेच त्यांना म्हणत. मृत सेनापतींच्या नावांभोवती जमलेली ही सेना जमिनीच्या प्रश्नावर शेतकऱ्याला काय देणार, हे कधी स्पष्टपणे सांगू शकली नाही. नोव्हेंबर १९२० मध्ये तिला क्रिमिया सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतील सोव्हिएत सेनापती व्लासोव्ह यांनी हिटलरच्या आश्रयाने बोल्शेविकविरोधी रशियन सेना उभारली. तिच्या बाहीवरील ढालीवर सेंट अँड्र्यूचा निळा तिरपा क्रूस होता. जर्मन गणवेशावर शिवलेल्या अशा ढाली भारतीयांनाही अनोळखी नाहीत. सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने जर्मनीत उभ्या राहिलेल्या भारतीय पलटणीच्या बाहीवर तिरंगी ढाल आणि झेप घेणारा वाघ होता. रशियाच्या परागंदा श्वेत अधिकाऱ्यांत व्लासोव्ह यांच्यावरून फूट पडली. काही जर्मनांकडे गेले. देनिकिन यांनी मात्र फ्रान्समध्ये हलाखीत राहूनही जर्मनांशी सहकार्य नाकारले. व्लासोव्ह यांना १९४६ मध्ये मॉस्कोत फाशी देण्यात आली.

मर्व्हच्या वाटेवर

या साऱ्यात मद्रासचा रिसाला कोठे येतो, हे पाहण्यासाठी पुन्हा पूर्वेकडे वळावे लागते. महायुद्धाच्या काळात २८ व्या लाइट कॅव्हलरीची रवानगी पूर्व इराणच्या सरहद्दीवरील नाकेबंदीसाठी झाली. कोर्निलोव्ह यांनी पंधरा वर्षांपूर्वी पाहणी केलेला सिस्तानचा हाच टापू. १९१६ मध्ये या भागातील ब्रिटिश फौजेचे नेतृत्व रेजिनाल्ड डायर यांच्याकडे होते. अमृतसरचे डायर ते हेच.

१९१८ च्या जुलैमध्ये कास्पियनपलीकडील अश्काबाद येथे रेल्वे कामगारांनी बोल्शेविकांविरुद्ध उठाव केला. पुढे हा प्रदेश देनिकिन यांच्या श्वेत सेनेशी जोडला गेला, परंतु आरंभ करणारे लोक समाजवादी होते. कोर्निलोव्ह यांची वाट रोखणारे रेल्वे कामगार एका टोकाला आणि लेनिन यांच्याविरुद्ध उठलेले रेल्वे कामगार दुसऱ्या टोकाला, असे त्या वर्षाचे चित्र होते. अश्काबादच्या सरकारला मदत म्हणून मशहद येथील जनरल मॅलेसन यांनी प्रथम १९ व्या पंजाबी पलटणीची आणि नंतर २८ व्या रिसाल्याची तुकडी पाठविली. १४ ऑक्टोबर १९१८ रोजी दुशाक स्थानकाजवळ मोठी लढाई झाली. पंजाबी पलटणीचे झाडून सारे ब्रिटिश अधिकारी ठार वा जखमी झाले. सोबतचे तुर्कमेन स्वार लुटीत गुंतले. रिसाल्याच्या स्वारांनी घोडे घालून प्रतिपक्षाला मागे हटविले. नोव्हेंबरच्या प्रारंभी मर्व्ह हाती आले आणि १९१९ च्या वसंतात ब्रिटिश तेथून निघूनही गेले. थोड्याच महिन्यांत सारा प्रदेश लाल सेनेने घेतला. स्वारांना ही लढाई कोणाची, हे कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही. त्यांच्या बाहीवर काटेरी मुकुट नव्हता, कवटीही नव्हती.

मद्रासचाच एक माणूस थोड्याच काळाने समोरच्या बाजूला पोहोचला. मंडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य यांचा जन्म १८८७ मध्ये मद्रास येथे झाला. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये ते विनायक दामोदर सावरकर यांचे सहकारी होते. काबूलमार्गे ते ताश्कंदला गेले. १७ ऑक्टोबर १९२० रोजी तेथे भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कोर्निलोव्ह यांनी जेथे बसून हिंदुस्थानच्या वाटांचे नकाशे अभ्यासले, त्याच शहरात ही बैठक भरली. आचार्य यांचे मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी लवकरच बिनसले. पुढे ते अराज्यवादी झाले आणि सोव्हिएत सत्तेचे कडवे टीकाकार म्हणून लिहीत राहिले. १९५४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला रशियाची ओळख झाली ती स्वस्त सोव्हिएत पुस्तकांतून आणि अण्णाभाऊ साठे यांच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्यातून. पराभूत बाजूचे सेनापती त्यात येण्याचे कारण नव्हते. खुद्द रशियातही कोर्निलोव्ह हे नाव सत्तर वर्षे शिवीसारखे वापरले गेले. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत श्वेत सेनेच्या बाहीवरील तीन रंग पुन्हा राष्ट्रध्वज झाले. २००५ मध्ये देनिकिन यांचे अवशेष अमेरिकेतून आणून मॉस्कोच्या दोन्स्कोय मठात पुरण्यात आले. कोर्निलोव्ह यांचे अवशेष आणण्यासारखे काही उरलेच नव्हते. २०१३ मध्ये क्रास्नोदार येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला, तेव्हा शहरातील कम्युनिस्टांनी निषेध केला आणि कोसॅकांनी मानवंदना दिली.

मद्रासच्या रिसाल्याला १९२२ च्या पुनर्रचनेत ७ वा लाइट कॅव्हलरी असे नाव मिळाले. घोडे जाऊन रणगाडे आले. १ नोव्हेंबर १९४८ रोजी काश्मीरमधील झोजी ला खिंडीत बर्फ पडत असताना या पलटणीचे स्टुअर्ट रणगाडे अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर चढले आणि लडाखची वाट मोकळी झाली. तिच्या सन्मानांच्या यादीत मर्व्ह हे नाव कायम आहे.